वाईट दिवसाच्या मापाची बाग

मोठ्या आजारपणात किंवा अपंगत्व आल्यावर बाग सुरू करणाऱ्या बहुतेकांची एकच चूक होते. बरं वाटत असलेल्या दिवशी, उत्साहाच्या भरात, नर्सरीतून पंधरा-वीस कुंड्या येतात. मग केमोचा आठवडा येतो, सांधे आखडतात, डायलिसिसहून आल्यावर उठवत नाही. त्या चार दिवसांत गॅलरीतली झाडं माना टाकतात. वाळलेल्या कुंड्या रोज डोळ्यांसमोर राहतात आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. ही बाग चांगल्या दिवसाच्या मापाने लावलेली असते, तिथेच घोळ होतो.

म्हणून जागा, कुंडी, माती, पाणी, झाड, सगळं एकाच प्रश्नावर पारखून घ्या: चार दिवस अंथरुणातून उठता आलं नाही, तर हे तगेल का? आणि पहिल्या तीन महिन्यांत तीनच कुंड्या ठेवा. ही संख्या कमी वाटते, पण तीन कुंड्या नीट सांभाळल्या की चौथी कुठे ठेवायची हे आपोआप कळतं.

आधी डॉक्टरांना नेमकं विचारा

“बागकाम केलं तर चालेल का?” असं विचारलं की “हो, जपून करा” एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. मातीत हात घातला तर चालेल का, आणि कोणत्या दिवसांत अजिबात नाही? किती किलोपर्यंत उचलू? ऊन किती वेळ चालेल? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं होतं तेही सांगा. साधारण दर १० वर्षांनी त्याचा डोस घ्यायचा असतो. आजारपणाच्या धावपळीत हे हमखास राहून जातं.

केमोथेरपी चालू असेल, किंवा किडनी-लिव्हर बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर सर्वांत जास्त जपायचं ते माती आणि खताच्या धुळीला. शेणखतात, पालापाचोळ्याच्या खतात, कुजक्या पानांत बुरशी आणि जिवाणू असतातच. धडधाकट माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण अशा रुग्णाला ती धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. बहुतेक केमोंनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत माती, खत, फुलदाणीतलं शिळं पाणी, सगळं बंद. एरवीही माती कालवणं, खत चाळणं, कुंडी बदलणं ही कामं घरातल्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, आणि ती चालू असताना त्या खोलीत बसू नका. खताची पिशवी कुणीही उघडो, आपला चेहरा लांब ठेवून उघडायची, आधी वरून पाणी शिंपडायचं, मगच हात घालायचा. तुम्ही फक्त पाणी घालणार असलात, तरी हातमोजे आणि एन-९५ मास्क हवाच.

मधुमेह आटोक्यात नसेल तर हीच काळजी घ्या. २०२१ मध्ये ज्या काळ्या बुरशीची धास्ती घरोघरी होती, तीही मातीत आणि कुजणाऱ्या पदार्थांतच राहते. पायांची संवेदना कमी झाली असेल तर गॅलरीतही अनवाणी जाऊ नका, आणि रात्री तळपायाखाली आरसा धरून एकदा बघा. रुतलेला काटा दुखला नाही की तो तिथेच राहतो.

डायलिसिससाठी फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) केलेल्या हाताने बादली, कुंडी, भरलेला झारा उचलायचा नाही. पिशवीचा बंदही त्या हाताच्या कोपरात अडकवायचा नाही. गुलाब, बोगनवेल, लिंबू ही काटेरी झाडं वर्ज्य. मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल तर त्याच्या ड्रेसिंगवर पाण्याचा थेंबही उडता कामा नये, त्यामुळे पाइपने फवारा मारणं नको. पोटॅशियम वाढत असेल तर पालक-टोमॅटो हौसेने पिकवून ताटात घेता येत नाहीत. आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पालेभाजी लावूच नका, फुलझाडं लावा. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, मात्र किडनीच्या रुग्णाने चाखायचंही नाही. त्यातलं विष निकामी किडनीतून बाहेर पडत नाही आणि थेट मेंदूवर परिणाम करतं. कोकणात, गोव्यात ते परसात असतं, म्हणून मुद्दाम सांगावं लागतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काट्यांची झाडं नकोत. वॉरफरिन किंवा असिट्रॉम घेणाऱ्यांनी आणखी एक पाहायचं: घरची पालेभाजी एकदम भरपूर आली म्हणून आठवडाभर तीच खाल्ली, तर त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा असर उतरतो. रोजचं प्रमाण सारखं ठेवा.

मणक्याला इजा होऊन व्हीलचेअरवर असाल तर कामात गुंतल्यावर एकाच जागी तासभर बसून राहिल्याचं कळत नाही आणि जखम होते. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला कलून भार हलवा. मोबाइलवर गजर लावा. इजा छातीच्या वर असेल तर खाली घाम येत नाही आणि शरीर पटकन तापतं. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी पोळण्याइतकं गरम असतं, मांडीवर सांडलं तरी समजत नाही. ते आधी बादलीत सोडून द्या. लघवीची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खालीच राहिली पाहिजे, टेबलाला अडकवायची नाही.

ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असेल, किंवा मेथोट्रेक्सेट, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधं चालू असतील तर त्वचेला ऊन सोसत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात उष्णतेने हातापायांतली शक्तीच जाते. या सगळ्यांनी सकाळी आठच्या आत काम उरकायचं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी खाली वाकलेलं असताना झटकन उठू नये, डोळ्यांपुढे अंधारी येते.

जागा: बाग आपल्याकडे आणायची

तुम्ही दिवसातला बहुतेक वेळ जिथे बसता किंवा पडता, तिथून दिसेल अशी जागा निवडा. गच्ची कितीही छान असली तरी जिने चढून जावं लागतं, म्हणून ती बाद. दिसणारं झाड पाणी मागतंय हे वेळेवर कळतं. जागा ठरवण्याआधी एक दिवस दर तासाला तिथे थेट ऊन आहे का तेवढं टिपा. चार-पाच तास असेल तर मोगरा, झेंडू, मेथी, टोमॅटो. दोन-तीन तास असेल तर पुदिना, पालक, पानओवा. त्याहून कमी असेल तर मनीप्लांट आणि स्नेक प्लांट.

मग माप घ्या. नेहमीच्या खुर्चीत बसा, कोपर अंगाला लावून हात पुढे करा. हाताच्या त्या उंचीला भिंतीवर पेन्सिलने खूण करा. कुंडीचा काठ या खुणेच्या आसपास आला पाहिजे, चार बोटं खाली असला तर उत्तम. खांद्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली काहीही ठेवू नका.

व्हीलचेअर टेबलाखाली शिरायची तर टेबलाखाली मोकळी उंची २७ इंच आणि दोन पायांमधली रुंदी किमान ३० इंच लागते. एका बाजूने हात पोहोचतो तो २० ते २४ इंचांपर्यंतच, त्यापलीकडे झाड ठेवलं की ते दुसऱ्याचं झाड होतं. इथे एक अडचण येते जी सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही. टेबलावर १२ इंच उंचीची कुंडी ठेवली तर तिचा काठ छातीच्याही वर जातो आणि खांदे पाच मिनिटांत भरून येतात. टेबलावर म्हणून ५-६ इंच खोलीचे उथळ ट्रेच ठेवायचे, पालेभाजीला तेवढी खोली पुरते. टोमॅटो, मोगऱ्याच्या खोल कुंड्या खुर्चीच्या बाजूला, फूट-दीड फूट उंच स्टुलावर ठेवा.

गॅलरीच्या सरकत्या दाराची चौकट दोन इंच वर आलेली असते, तिथे चाक अडतं आणि वॉकरही ठेचकाळतो. उतार १ ला १२ धरायचा, म्हणजे २ इंचांच्या चौकटीला २४ इंच लांब फळी. फळीवर खरखरीत पट्टी चिकटवा. पायपुसणं तिथे कधीच नको.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दवाखान्यात जेवणाला वापरतात ते चाकांचं, वर-खाली होणारं टेबल आणा. रुग्णोपयोगी साहित्य भाड्याने देणाऱ्यांकडे ते मिळतं. त्यावर कडा असलेला ट्रे ठेवला की पाणी पांघरुणावर येत नाही. खिडकीजवळ टेबल सरकवून ठेवायचं, दिवसातून दोनदा पलंगावर आणायचं.

कठड्याबाहेर अडकवलेल्या कुंड्या टाळाच. आजारी माणसाला बाहेर झुकावं लागतं, आणि पडलेली कुंडी खालच्याच्या डोक्यात बसते.

कुंडी आणि माती

१२ इंची कुंडी नुसत्या मातीने भरून भिजवली तर १५ किलोच्या वर जाते. म्हणून ८ ते १० इंचांच्या प्लॅस्टिकच्या कुंड्या किंवा ग्रो बॅग घ्या, आणि मिश्रण हलकं करा. १० लिटर मिश्रणासाठी ५ लिटर भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अडीच लिटर लाल माती, अडीच लिटर गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात टाकली की अर्ध्या तासात फुलून आठ-नऊ लिटर होते. ते पाणी खारट असतं. ते ओतून द्या, पुन्हा भिजवा, पिळा. हे धुणं टाळलं की पानांच्या कडा करपतात आणि आपण उगाच खत कमी पडलं म्हणत बसतो.

कुंडीला तळाशी बोटभर जाडीची चार-पाच भोकं हवीत. तळात खडे किंवा खापऱ्यांचा थर घालू नका. त्याने निचरा सुधारत नाही, पाणी खड्यांच्या वर मातीतच अडून राहतं आणि मुळं कुजतात. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

कोकोपीट वरून कोरडं दिसतं तेव्हा आतून ओलं असतं. नवख्यांची जास्तीत जास्त झाडं याच फसवणुकीने, जास्त पाण्याने मरतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहा. बोटांना बधिरता असेल तर बांबूची काडी तळापर्यंत घाला, पाच मिनिटांनी काढा. काडी गडद आणि गार लागली तर आज पाणी नको.

हत्यारं

हातात न मावणारी बारीक मूठ हाच संधिवातवाल्यांचा शत्रू. खुरप्याच्या, कात्रीच्या मुठीवर एसीच्या पाइपला लावतात तो काळा फोम चढवा. मूठ साधारण दीड इंच जाड झाली की बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत. माती घालायला तांदळाचं माप, वाळकी पानं उचलायला पापडाचा लांब चिमटा. एकच हात चालत असेल तर कुंडीखाली ओला फडका पसरा, कुंडी फिरत नाही. हात थरथरत असेल तर बारीक बी चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून मिठाच्या डबीतून भुरभुरवा.

पाणी: सलाइनचा संच

वाईट दिवसाची खरी परीक्षा पाण्यातच असते. त्यासाठी सर्वांत भरवशाची गोष्ट मेडिकलच्या दुकानात मिळते: सलाइन चढवायचा नवा, बंद पाकिटातला संच. वापरलेला कधीच नाही. पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर असं लिहिलेलं बघून घ्या. ६० थेंबांचाही संच असतो, त्यात खालचे हिशेब चुकतात.

पाच लिटरचा पाण्याचा कॅन घ्या. झाकणाला गरम खिळ्याने संचाच्या टोकदार भागाहून जरा लहान भोक पाडा आणि ते टोक दाबून घट्ट बसवा. कॅन उलटा टांगायचा, त्याचा तळ कापून वर आलेल्या तोंडावर जुन्या धोतराचं किंवा साडीचं फडकं रबराने ताणून बांधायचं. फडक्यातून पाणी गाळलं जातं, हवा आत जाते आणि डास अंडी घालू शकत नाहीत. कॅन कुंडीपेक्षा दोन फूट उंच, भक्कम खुंटीला टांगा. भरल्यावर तो पाच किलोंचा होतो, म्हणून टांगल्यावरच तांब्या-तांब्याने भरायचा.

आता नळीचं चाक पूर्ण बंद करा, थेंबांची छोटी पारदर्शक डबी दोनदा दाबून अर्धी भरा, मग चाक हळूहळू सोडा. घड्याळ लावून थेंब मोजा. मिनिटाला १० थेंब म्हणजे तासाला ३० मिलिलिटर, दिवसाला ७२० मिलिलिटर. १० इंची कुंडीतल्या झाडाला उन्हाळा सोडून इतर वेळी एवढं भरपूर होतं. पाच लिटरचा कॅन जवळजवळ सात दिवस चालतो. थेंब पलंगावरून दिसतात. दवाखान्यात ज्या थेंबाकडे तासन्‌तास बघावं लागलं, तोच इथे झाडासाठी पडताना बघणं बऱ्याच जणांना आवडतं. ज्यांना ती आठवणच नको असेल त्यांनी कॅन असा टांगावा की डबी पलंगावरून दिसणार नाही.

बिघडतं काय? पाण्याची पातळी उतरली की थेंब मंदावतात, तिसऱ्या दिवशी चाक किंचित सोडावं लागतं. कॅनवर ऊन पडलं की आत हिरवं शेवाळ धरतं आणि नळी तुंबते. कॅनला काळी पिशवी गुंडाळा, महिन्याने नळी गरम पाण्याने धुवा. नळीचं टोक मातीत पुरू नका, ते माती ओढतं. मातीच्या वर इंचभर राहू द्या.

कुंडीखालच्या बशीतलं पाणी रोज ओतून टाका. डेंग्यूच्या डासाला तेवढी बशी पुरते, आणि तुमच्या घरात तो आजार परवडणारा नाही.

पहिलं पीक मेथी, मग बाकीचं

मेथीने सुरुवात करा, कारण ती तिसऱ्या दिवशी तोंड दाखवते. वाट पाहण्याची ताकद नसलेल्या माणसाला हे फार महत्त्वाचं आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. स्वयंपाकघरातले मेथीदाणे चालतात. दुकानातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते उघड्या हाताने घेऊ नका.

दोन मोठे चमचे दाणे रात्रभर भिजवा. १२ बाय ८ इंचांचा, चार इंच खोल ट्रे भरून ओला करा. दाणे एकावर एक न येतील असे पसरा, वर अर्धा सेंटिमीटर मिश्रण भुरभुरवा, ओलं फडकं झाका. तिसऱ्या दिवशी फडकं उचललं तर मिश्रणाचा वरचा थर तडकलेला दिसेल, आणि फटीतून वाकलेल्या मानेचे पिवळट कोंब, काहींच्या डोक्यावर अजून टरफल. त्याच दिवशी फडकं काढा, नाहीतर कोंब लांबट होऊन लोळतात. २० ते २५ दिवसांत इंचभर बुंधा ठेवून कात्रीने कापा. कोंब बुंध्यापाशी दोऱ्यासारखे बारीक होऊन आडवे पडले तर ती बुरशी. दाट पेरणी आणि जास्त पाणी ही तिची कारणं. तो ट्रे टाकून द्या, वाचवत बसू नका.

धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, बारा तास भिजवा. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर रुसते, तेव्हा प्रयत्न करू नका. पुदिना बाजारच्या जुडीतल्या जाड काडीचा, पाण्यात आठवड्यात मुळं फुटतात. प्रतिकारशक्ती कमी असेल तर घरची असली तरी पालेभाजी कच्ची खायची नाही, धुऊन शिजवूनच.

फुलांत गोकर्ण, झेंडू, ऑफिस टाइम आणि सदाफुली. रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन हे औषध सदाफुलीतूनच काढतात. पण म्हणून तिची पानं चावून खाण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती विषारी आहेत आणि औषधाचा डोस पानात मोजता येत नाही. केमोत वासाने मळमळत असेल तर मोगरा खोलीबाहेर ठेवा, गवती चहा बहुतेकांना सोसतो. कण्हेर, डिफेनबेकिया (ठिपक्यांच्या रुंद पानांचं शोभेचं झाड) आणि चीक येणारा शेर ही विषारी झाडं घरात नकोत.

मावा, म्हणजे पानांमागचे बारीक रस शोषणारे किडे, दिसला तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी पानांच्या मागून. फवारणी दुसऱ्याने करावी. पांढऱ्या पिठ्या ढेकणाला स्पिरिटचा बोळा टेकवला की पुरे.

किती वेळ, कुणी काय

दहा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की हात थांबवा, काम अर्धं असलं तरी. थकल्यावर थांबायचं ठरवलं की उशीर झालेला असतो, त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी करावी लागते. एका दिवशी एकच काम करा: आज कापणी, उद्या पेरणी.

जड कामं महिन्यातून एकदा, एकाच बैठकीत, घरच्यांकडून करून घ्या. पण रोजचं पाणी आणि कापणी त्यांना करू देऊ नका, त्यांनी मायेने हात घातला तरी. ती कामं तुमची आहेत हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला.

दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर

दाराच्या आत एक कागद चिकटवून ठेवा: कोणत्या कुंडीला किती तांबे, कोणत्या वारी, काय तोडायचं नाही. भरती होण्याआधी वेळ मिळाला तर सगळ्या कुंड्या उन्हातून काढून सावलीत, एकमेकींना चिकटवून ठेवायला सांगा. त्यांची पाण्याची गरज निम्म्यावर येते. कॅन भरून मिनिटाला आठ थेंबांवर लावा.

परत आल्यावर लगेच काही उपटू नका. मेथी-कोथिंबीर गेली असेल, ती पुन्हा पेरता येते. मोगऱ्याची फांदी नखाने खरवडा, आतून हिरवी असेल तर झाड जिवंत आहे. पुदिना वरून काळा पडलेला असला तर मातीलगत कापून टाका आणि दोन दिवसांआड पाणी द्या. त्याची मुळं मातीत आडवी पसरलेली असतात. आठ-दहा दिवसांत कुंडीच्या काठाकाठाने नवे फुटवे येतात.